अ‍ॅक्रिंग्टनच्या विणकराचा माग

प्रिय मित्रा,

इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्याच्या अ‍ॅक्रिंग्टन गावातल्या, पहिल्या महायुद्धात पडलेल्या त्या गिरणी कामगारावर लिहिणार आहेस, तर १ जुलै १९१६ पासून, म्हणजे सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवसापासून, सुरुवात करू नकोस. तो मेला कसा, हे सगळेच सांगतात. तो जगत कसा होता, हे राहून जातं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

लँकेशायरचा विणकर बहुधा चार साचे, म्हणजे यंत्रमाग, सांभाळायचा. मजुरी कापडावर, तासांवर नव्हे. धागा तुटून साचा थांबला की कमाई थांबली. सुताची कांडी बदलली की धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यायचं. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागे, त्यातून रोग पसरत. साळखात्याच्या, म्हणजे विणकाम विभागाच्या, खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलत. बाराव्या वर्षापासून पोरं अर्धा दिवस शाळेत, अर्धा दिवस गिरणीत. शेजारच्या ब्लॅकबर्नला तर आपल्याकडे विकायची धोतरं विणली जात.

सप्टेंबर १९१४ मध्ये अ‍ॅक्रिंग्टनची ११वी ईस्ट लँकेशायर पलटण उभी राहिली. एका गल्लीतले, एका खात्यातले लोक एकत्र भरती झाले. म्हणून पुढे एकाच सकाळी गल्ल्याच्या गल्ल्या सुतकात गेल्या. त्या १ जुलैला फ्रान्समधल्या सेर गावासमोर सुमारे ७२० जण पुढे सरकले, त्यांतले ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. आठवडाभर तोफा डागूनही जर्मनांची खोल भुयारं शाबूत राहिली होती.

कबर का सापडत नाही, तेही लिही. तेव्हा गळ्यात ओळखीचा एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करायला तो काढून नेला की देह बेनाव. दुसरा बिल्ला सप्टेंबर १९१६ मध्ये आला. शिवाय १९१७ च्या सुरुवातीला जर्मन मागे हटेपर्यंत ते रान नीट साफ करताच आलं नाही. म्हणून अनेकांची नावं फ्रान्समधल्या थिएपवालच्या स्मारकावर आहेत, ७२,००० हून अधिक बेपत्तांमध्ये.

शोध युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीपासून सुरू कर. नावापेक्षा शिपाई क्रमांक धर, कारण एकाच नावाचे बरेच निघतात. मात्र रेजिमेंट बदलली की क्रमांकही बदलायचा, तेवढं सांभाळ. मग १९११ ची जनगणना बघ. धंद्याच्या रकान्यात विणकर की कातणारा ते कळेल. सेवापुस्तक मिळालं नाही तर थांबू नकोस. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात निम्म्याहून जास्त जळाली. मृत सैनिकांच्या येणे रकमांची वही मात्र वाचली आहे. थकलेला पगार आणि युद्ध-बक्षिसी कुणाच्या हाती पडली, ते तीत असतं. बक्षिसी सेवेच्या महिन्यांवर ठरे, त्यामुळे भरतीचा महिनाही साधारण काढता येतो. हाती घेणारी आई असेल, तर जनगणनेत तिचा धंदाही बघ. बहुतेक तीही साच्यावरच सापडेल.

तुझा,
मित्र