बाबा, चूक माझी होती

ती. आई-बाबांस,
सा. न.

गोरेगावहून मुलुंडला पत्र म्हणजे तुम्हाला गंमत वाटेल. पण त्या खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर धमकावून बाबांचे पैसे उकळले, हा विषय फोनवर निघाला की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहायला बसले.

आधी माफी मागते. त्या दिवशी दारातूनच मी ओरडले, "बँकेत ३४ वर्षं कॅश सांभाळलीत आणि असे कसे फसलात?" बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. खरं तर उत्तर माझ्या प्रश्नातच होतं. ज्याने आयुष्यभर एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला "तुमच्या नावावर काळा पैसा फिरलाय" म्हटलं की तो हादरणारच. लबाड माणसाने हसून फोन ठेवला असता.

आई, तू म्हणतेस, "यांना एवढं कळू नये?" अगं, कळत होतं. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये या डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेबद्दल सांगितलं, ते दोघांनी बसून ऐकलं होतंत. कोणालाही फोन लावला की आधी ती सायबर गुन्ह्यांची सूचना वाजायची, तेव्हा बाबाच वैतागायचे, "कळलं रे बाबा!" पण समोर गणवेश, मागे राजमुद्रा आणि कानात दरडावणारा आवाज असला की ऐकलेलं ऐन वेळी आठवत नाही. आणि हे भामटे पैसे लगेच मागतच नाहीत. आधी आधार कार्ड दाखवा, मग दार लावा, मग कॅमेऱ्यासमोरून हलू नका. छोट्या छोट्या हुकमांना दोन तास 'हो' म्हटल्यावर एफडी मोडायचा हुकूमही त्याच रांगेतला वाटतो.

सगळ्यात नीच भाग पुढचा. "घरात सांगितलंत तर बायकोलाही उचलू." आई, तू दहा पावलांवर मेथी निवडत होतीस आणि बाबा तुला वाचवायला गप्प बसले होते. बँकेतल्या मुलीने विचारलंसुद्धा, काका, एवढी रक्कम कशाला? जन्मात खोटं न बोललेल्या माणसाने शिकवलेलं उत्तर दिलं, नातेवाइकाचं ऑपरेशन आहे. तिने विचारलं याचं मला अजूनही बरं वाटतं.

एकच गोष्ट सलते. पैसे गेल्याचं कळल्यावरही दीड दिवस तुम्ही बोलला नाहीत. लाज वाटली, समजतं. पण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार गेली तर वाटेत कुठेतरी अडवता येतो, उशीर झाला की कोणीतरी काढून नेतो. आपले थोडे अडवले गेलेत, तेवढे तरी. यापुढे आधी १९३० आणि मग मी. मी ओरडणार नाही, शपथ.

कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाहीच, आणि 'तपासणीसाठी' पैसे भरायला लावणारं कुठलंही सरकारी खातं नाही. बाबांना हे आता पाठ आहे, मी उगाच लिहिते आहे.

आता जो फोन येईल ना, तो गोड बोलणारा असेल. फसलेल्यांचे नंबर ही मंडळी पुढे विकतात. "काका, तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा." कधी स्वतःला वकील म्हणवेल, कधी अधिकारी. बाबा हरलेले पैसे परत आणायला धडपडतायत हे त्याला माहीत असणार. आणि आई, भिशीचे पैसे घेताना कोणी पिन टाकायला सांगितलं तर टाकू नकोस. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो.

हल्ली आवाजाची नक्कलही करतात. उद्या माझ्याच रडक्या आवाजात "बाबा, अपघात झालाय" असं ऐकू आलं तर? म्हणून एक खुणेचा शब्द ठरवू. जुन्या चाळीत आपल्या खिडकीत येऊन बसायची त्या मांजरीचं नाव मला सुचलंय, इथे लिहीत नाही. आई विसरली असेल तर बाबा, तुम्ही सांगा, पण कानात.

रविवारी येते. मेथी मी निवडेन.

तुमची,
वैशाली