दिवाळीत येशील तेव्हा पांडवलेणीवरून नाशिक बघ

नाशिक
घटस्थापना

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मुलांना अख्खं शहर एका नजरेत दाखवायचंय, नाशिकला तसा एखादा मनोरा आहे का, असं विचारलंयस. मनोरा शोधत बसू नकोस, पांडवलेणी गाठ. पायथ्यापासून लेणी साधारण ३०० फूट उंचावर आहेत. दहा फुटांचा मजला धरला तर तिसाव्या मजल्याच्या गच्चीत उभं राहिल्यासारखंच, आणि डोळ्यांसमोर काच नाही. उंच इमारतींतून काढलेले फोटो निम्मे त्या काचेतल्या प्रतिबिंबांनी वाया जातात.

आता वेळ. सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पांडवलेणी शहराच्या नैर्ऋत्येला आहे, म्हणजे लेण्यांसमोर उभं राहिलं की गाव ईशान्येला येतं. दिवाळीच्या सुमारास दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येकडे कलतो, म्हणजे नेमका तुमच्या पाठीमागे. डोंगराची सावली तुमच्यावर आणि ऊन समोरच्या शहरावर. डोळे दिपत नाहीत, भिंती, पाण्याच्या टाक्या, छपरं स्वच्छ उजळलेली दिसतात. सकाळी गेलास तर सूर्य उजव्या हाताला समोरून येतो आणि पूर्वेकडचा सगळा भाग पांढुरका होऊन बसतो.

सकाळ टाळायचं दुसरंही कारण आहे. थंडी सुरू झाली की रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर त्याखाली अडकून पडतो. वरून बघितलं की शहर राखाडी पट्ट्यात बुडालेलं दिसतं. ऊन तापलं की हवा वरखाली घुसळते आणि पट्टा विरतो. पण भर दुपारीही जाऊ नकोस. तेव्हा अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या पत्र्यांवरून तापलेली हवा उठते आणि दुर्बिणीत सगळं थरथरतं. साडेतीनला पायथ्याशी, चारला वर, असा बेत ठेव. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो. मात्र गेट त्याआधी बंद होऊ शकतं, तेव्हा वेळ तिकीट काढतानाच विचार. वरून शहराचे दिवे बघायचा हट्ट मुलांनी धरला तरी उतरायला सुरुवात उजेडातच कर.

दिवस कोणता? लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आणि त्यानंतरचा दिवस नको, फटाक्यांचा धूर बराच वेळ रेंगाळतो. वसुबारसेच्या आधी येऊ शकलास तर उत्तम. आणि परतीचा पाऊस पडून गेला असेल तर त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवून जा. पावसानं धूळ खाली बसवलेली असते, वर्षातली सर्वांत स्वच्छ हवा तीच.

वर पोचलात की लगेच फोटो काढायला लागू नका. आधी हायवे शोधा, तो पायथ्याजवळूनच जातो. त्याच्यावरून नजर पुढे न्यायची: पाथर्डी फाटा, मग इंदिरानगर, मुंबई नाका, द्वारका. द्वारकेच्या थोडं डावीकडे, दाट घरांचा जो पुंजका आहे ते जुनं नाशिक, आणि त्याला लागून नदीपलीकडे पंचवटी. रामकुंड इथून सरळ रेषेत आठ-नऊ किलोमीटरवर आहे, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी देवळं दिसतील अशी आशा मुलांना लावू नकोस. काळारामाचं शिखर सुमारे ७० फुटांचं. हात लांब करून पट्टी धरलीस तर त्या अंतरावर ते जेमतेम दीड मिलिमीटर भरेल. मधे उंच इमारत आली नसेल तर दुर्बिणीनं सापडतं, आणि सापडलं की पोरं नाचतात.

दिशा मोजायला एक सोपं माप सांगतो. हात पूर्ण ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, लहान मुलांचीही, कारण त्यांचा हातही त्याच प्रमाणात आखूड असतो. जुन्या नाशिकपासून उजवीकडे चारेक मुठी मोजल्या की एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी. आणखी एक मूठ गेलं की नाशिकरोड. डावीकडे एक मूठ मोजली की म्हसरूळच्या मागची चांभारलेणी, आणि तिथून आणखी मूठ-दीड मूठ डावीकडे रामशेज. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा तोच हा किल्ला. इथून बघितला की तो सपाटीवर कसा एकटा उभा आहे ते कळतं. पार डावीकडे, वायव्येला, गंगापूर धरणाची बाजू येते, पण पाणी दिसेलच असं धरू नको.

हवा खरंच स्वच्छ असेल तर चांभारलेणीच्या मागे, क्षितिजाला टेकून, सातमाळ्याची निळसर डोंगररांग उमटते. सप्तशृंगी त्याच अंगाला, पन्नास किलोमीटरच्या पुढे. मोठ्या मुलाला गणित आवडतं ना, त्याला हे दे: डोळ्यांच्या उंचीचे मीटर घे, त्याचं वर्गमूळ काढ, ३.५७ नं गुण, सपाट जमिनीवरचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ९० मीटरला ते ३४ किलोमीटर येतं. मग पन्नासच्या पलीकडचा डोंगर कसा दिसतो? तर डोंगराचीही स्वतःची उंची आहे. तिचंही तसंच अंतर काढून बेरीज करायची. बाकी मधल्या टेकड्या आणि हवा ठरवते.

दुर्बीण आणशील तर ८×४२ किंवा ८×३० आण, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापटीच्या पुढे गेलास की हाताचा कंप तितकाच मोठा होतो आणि स्टँडशिवाय काही धड दिसत नाही. कोपरं कठड्यावर किंवा गुडघ्यांवर टेकवायची. फोनवर फोटो काढताना उन्हातल्या घरांवर बोट दाबून उजेड तिथेच पक्का करून टाक. फोनला सावलीतला कातळ दिसला की तो फोटो उजळ करायला जातो आणि शहर फिकं पडतं. पॅनोरमासाठी फोन उभा धर, पाय जागेवर ठेवून कमरेतून सावकाश वळ, आणि जवळचा कठडा किंवा झाड चौकटीत घेऊ नको, जोड तिथेच तुटते.

चढ पायऱ्यांचा आहे, दोनशेच्या आसपास, रमतगमत वीस मिनिटं. माईंना चढताना दम लागेल, पण गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो. काठी आण, आणि प्रत्येक पायरीवर आधी दुखरा पाय खाली टाकायला सांग. नकोच वाटलं तर पायथ्याशी बुद्धविहाराजवळ त्या निवांत बसतील. पाणी माणशी एक लिटर खालूनच न्या. कातळावर मधमाश्यांची पोळी दिसली तर त्याखाली थांबू नका, उग्र अत्तर लावून येऊ नका, आणि मुलांना दगड उचलू देऊ नको. ही गोष्ट थट्टेवारी नेऊ नकोस.

आणि लेण्यांकडे पाठ करून परत येऊ नकोस रे! चोवीस लेणी आहेत. तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक करणारा. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं दिलेल्या दानांची नोंद आहे. अठरावं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह. शहर बघायच्या आधी यांना अर्धा तास दे, तोवर बाहेरचं ऊनही आणखी कलतं.

रामशेजवर जायचंय असंही लिहिलंयस. जरूर जा, पायथ्याचं गाव आशेवाडी. पण तिथून शहर दक्षिणेला येतं आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच असतो. शहराच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. किल्ला बघायला म्हणून जा. तिथून शहर नीट बघायचं तर मे महिन्यात ये, २० मेच्या सुमारास सूर्य आपल्या अगदी डोक्यावरून जातो आणि ही अडचण राहत नाही.

गाडी आणणार असशील तर हायवेवर शेवटच्या क्षणी वळू नको, आधीच सर्व्हिस रोड धर. निघायच्या आदल्या रात्री फोन कर, हवा कशी आहे ते सांगतो. धुरकट असली तर दिवस बदलू.

माईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत