‘बाहेर पडा’ म्हणता, पडलेच होते ना!

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला तो एकटेपणावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपण चष्मा नीट पुसला नसेल. म्हणे घराबाहेर पडा, माणसांत मिसळा, अनोळखी माणसाकडे बघून हसा. वरती फोटो काय, तर गोरे आजी-आजोबा, बागेतला बाक, खाली पिवळ्या पानांचा सडा आणि दोघंही असे हसताहेत की दात मोजून घ्यावेत. आमच्या नागपूरच्या महाराजबागेत मे महिन्यात दुपारी बसून दाखवा म्हणावं, हसायचं राहू द्या, बाकाला टेकलात तरी बास.

लेखात आकडे पण आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात 6 माणसांत 1 जण एकटा, ब्रिटनने 2018 मध्येच त्यासाठी मंत्री नेमला, जपानने 2021 मध्ये. नेमू द्या. आपले मंत्री डिसेंबरात अधिवेशनाला येतात तेव्हा अर्धे रस्ते बंद आणि आम्ही वळसे घालत फिरतो, त्यात आणखी एक मंत्री वाढवून माझं काय भलं होणार आहे ते कळलं नाही.

असो. मला सांगायचंय ते मागच्या बुधवारचं. मी रोजच बाहेर पडते हो, लेखातून शिकायची गरज नव्हती. सुभाषनगरहून मेट्रो पकडते, सीताबर्डीला उतरते, बर्डीच्या मेन रोडवरून व्हेरायटी चौकापर्यंत चालते, काही घ्यायचं असो नसो. मेट्रोत समोरच्या बाकावर सात जण, सातांच्याही माना खाली. एकीने मध्ये मान वर केली, मी तुमच्या लेखात सांगितल्यासारखी हसले (लेख तेव्हा यायचा होता, तरी), तर तिने मागे वळून खिडकीतून बघितलं की मी कोणाकडे बघून हसतेय. मागे झाशी राणी चौक होता.

तर बर्डीवर भर गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उजव्या पायाचा. संध्याकाळचे साडेसहा, दोन्हीकडे पथारीवाले, ‘दोनसो में दो, दोनसो में दो’ चाललेलं, मधून लोकं अशी वाहत होती की थांबायला जागा नाही. आणि मी एका पायावर, हातात चप्पल, एक हात कोणाच्या तरी गाडीच्या सीटवर टेकवलेला. मी घड्याळ बघितलं होतं म्हणून सांगते, वीस मिनिटं उभी होते. लोकं माझ्या दोन्ही बाजूंनी जात होती, जशी खांबाच्या बाजूने जातात. कोणी धक्का पण दिला नाही, आता हसाल, पण मला धक्का चालला असता. धक्का देणारा निदान ‘सॉरी मावशी’ तरी म्हणतो. ज्याची गाडी होती तो आला, माझा हात काढेपर्यंत थांबला, गाडी काढली आणि गेला. तेव्हा तोल गेला आणि मी बसले खाली, म्हणजे पडलेच म्हणा ना, टी-शर्टच्या ढिगाऱ्याला लागून.

तेव्हा त्या दिवसातलं पहिलं वाक्य माझ्याशी कोणीतरी बोललं. पथारीवाला पोरगा म्हणाला, “मावशी, जरा बाजूले सरका ना, माल दिसून नाई राह्यला.”

पोराचा राग नाही हो. त्याचा धंदा आहे, कॉर्पोरेशनची गाडी कधी येईल आणि कधी सगळं गुंडाळून पळावं लागेल याचाच घोर त्याच्या जिवाला, म्हातारी कुठे बसली हे बघायला त्याला वेळ कुठला. पण घरी येऊन मी मोजलं, सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली गेलेली वाक्यं सव्वातीन. हे एक. एक चपला शिवणाऱ्याचं, ते पुढे सांगते. एक आमच्या बिल्डिंगच्या नव्या वॉचमनचं, “मॅडम, कोणाकडे जायचंय?” एकोणीस वर्षं राहते मी त्या बिल्डिंगमध्ये! म्हटलं माझ्याचकडे, तर म्हणे नंबर सांगा, एंट्री करावी लागते. आणि पाव वाक्य पुण्याहून मुलाचं, व्हॉट्सअ‍ॅपवर, “जेवलीस?” त्याचं उत्तर मी लगेच दिलं, निळ्या खुणा दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. मुलगा चांगला आहे, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नका, पत्र तो पण वाचेल.

हां, तर उठले आणि अनवाणी एका पायाने चौकापर्यंत आले. गांधीजींच्या पुतळ्यापाशी जरा टेकले. त्यांच्याकडेही कोणी बघत नव्हतं, तेव्हा माझी काय कथा. पलीकडे एक चपला शिवणारा बसतो, त्याच्यापुढे चप्पल टाकली. त्याने वर बघितलंच नाही. चप्पल उलटी केली, तळ चाचपला आणि म्हणाला, “हा जुना टाका माह्याच हातचा आहे, दोन वर्षं झाले असतीन.” खरंच होतं ते. म्हणजे चप्पल ओळखली बघा त्याने. मी समोर उभी होते, मी नाही ओळखली गेले, पण चप्पल ओळखली. आणि मला इतकं बरं वाटलं की वीस रुपये झाले होते तर पन्नासची नोट देऊन राहू द्या म्हटलं, त्याने तीस परत दिलेच.

आता तुम्ही म्हणाल आजीबाई, शहर मोठं झालं, असं होणारच. मला ते कळतं. मी इतवारीतली. माहेरी असताना गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तर चार ठिकाणी “कोणाची गं तू?” आणि “कुठे चालली?” याची उत्तरं द्यावी लागायची, तेव्हा वाटायचं कधी एकदा अशा जागी जाऊ जिथे कोणी विचारणार नाही. गेले की मग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा हाकलायला काढतात तो मोठा पुतळा, निघायची तेव्हा मुंगीला पाय ठेवायला जागा नसायची, आजही नसते, पण त्या गर्दीत आपला फ्रॉक कुठल्या रंगाचा आहे हे संध्याकाळी आईला तीन बायका सांगून जायच्या. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत सगळं गाव ओरडायचं. पुढच्या वर्षी तुमच्या त्या लेखातल्या पाच सोप्या उपायांचा एक बडग्या (मारबतीसोबत निघतो तो टिंगलीचा पुतळा) करून काढा, मी स्वतः येईन हाकलायला.

मधेच एक सांगून टाकते, नंतर विसरेन. मागे जूनमध्ये मी पाण्याच्या टँकरबद्दल पत्र लिहिलं होतं, ते तुम्ही छापलं, आभार, पण खाली ‘श्री.’ छापलं. मी श्रीमती आहे. फोन करून सांगितलं तर तिकडची मुलगी म्हणाली चुकीची दुरुस्ती मेलवर पाठवा. मेल पाठवला, उत्तर नाही. आणि शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर मंगळवारी आलंच नाही, उभा 14 मला अजून सापडायचाय.

फोनवरून आठवलं. माझी सगळी नोकरी फोनचीच, 1974 पासून 2012 पर्यंत टेलिफोन खात्यात, पुढे त्याचं बीएसएनएल झालं. सुरुवातीची वर्षं ऑपरेटर. 180 वर ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, बुक व्हायचे, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, लाइटनिंगला आठपट पैसे. कोणाच्या घरी कोण गेलं हे नागपुरात आम्हाला आधी कळायचं, रडणं कानात यायचं आणि तीन मिनिटं झाली की मध्ये पडून सांगावं लागायचं वेळ झाली. आमचा चेहरा कोणाला माहीत नव्हता, पण आवाज माहीत होता. भाजीबाजारात मी “कोथिंबीर कशी?” म्हटलं की बाजूची बाई विचारायची, “तुम्ही एक्स्चेंजमध्ये आहात का हो?”

मग काही दिवस मला 197 वर बसवलं होतं. लोकांनी नाव सांगायचं, आम्ही नंबर सांगायचा. तिथे एका गृहस्थांचा रात्री साडेआठ-नऊला रोज फोन यायचा. रोज एकाच औषधाच्या दुकानाचा नंबर विचारायचे. रोज! आम्ही सांगायचो, ते सावकाश एकेक आकडा परत म्हणायचे, म्हणजे लिहून घेताहेत असं दाखवायचे, मग विचारायचे, “तुमच्याकडे पाऊस आहे का हो?” अहो, एकाच शहरात आहोत, तुमच्याकडे पाऊस तर आमच्याकडेही पाऊस. आम्ही मुली फोन ठेवून खूप हसायचो. त्यांना आम्ही ‘पाऊसवाले काका’ नाव ठेवलं होतं. एकदा मला घाई होती, बोर्डावर दिवे लागले होते, मी नंबर सांगितला आणि त्यांचं पावसाचं यायच्या आत लाइन काढली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, नंबर विचारला, आकडे म्हणून घेतले आणि स्वतःच म्हणाले, “ठेवतो हं, तुम्हाला काम असेल.” त्यानंतर किती दिवस येत होता आणि कधी बंद झाला ते मला आठवत नाही. आम्ही कोणी विचारलं नाही, कोणाला विचारणार, त्यांचं नाव आम्हाला माहीतच नव्हतं.

मागच्या महिन्यात गॅस सिलेंडरचं काही अडलं नव्हतं तरी मी त्या हेल्पलाइनला फोन लावला. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे नऊ वेळा ऐकलं, मग एक पोरगा आला, बोलण्यावरून विदर्भाचा नव्हता. मी बुकिंग नंबर विचारला, तो माझ्यासमोर भिंतीवर लिहिलेला आहे. पोराने सांगितला, मी एकेक आकडा परत म्हटला. मग माझ्या तोंडून काय निघालं असेल ते तुम्हीच ओळखा. तो जरा थांबला आणि म्हणाला, “मॅम, मी आपली आणखी काय मदत करू शकतो?”

म्हणून म्हणते, ‘बाहेर पडा’ छापायला काही लागत नाही. बाहेर लोकं भरपूर आहेत, बर्डीवर या संध्याकाळी आणि मोजा. तुमच्या लेखकाला पाठवा, एका पायावर उभा करा वीस मिनिटं, मग सहावा उपाय लिहायला सांगा. मी चहा पाजीन, तर्री पोहे पण खाऊ घालीन.

पत्र मोठं झालं, कापलंत तरी चालेल, फक्त मारबतीचं कापू नका. आणि खाली ‘श्रीमती’.

आपली,
एक वाचक (श्रीमती), सुभाषनगर, नागपूर

ता. क. डाव्या चपलेचा अंगठा पण ढिला झालाय. तुटला नाहीये अजून. उद्या टाका घालून आणते म्हणते.