बटण घरातल्यांच्या हाती राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुपारी सौरवीज मुबलक असते तेव्हा यंत्रं चालवा आणि संध्याकाळी हात आखडता घ्या, असा आग्रह हल्ली घरगुती ग्राहकांना केला जातो. तो मला मनापासून पटतो. ग्रिडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, जेवढी मागणी तेवढीच निर्मिती क्षणोक्षणी व्हावी लागते. सूर्य मावळतो नेमक्या त्याच सुमारास घरोघरी वापर वाढतो आणि त्या थोड्या तासांसाठी महागडी वीज उभी करावी लागते. तेव्हा वेळ बदलायला ना नाही. पण ती मी बदलणं वेगळं आणि माझ्या घरातलं यंत्र बाहेरून कोणी थांबवणं वेगळं. सवलतीच्या बदल्यात वीज कंपनीला घरातली यंत्रं दुरून थांबवू देणाऱ्या योजनांच्या जाहिरातीत हा फरक पुसून टाकला जातो, म्हणून हे पत्र.

गिझरचंच घ्या. १५ लिटरच्या टाकीतलं पाणी तापायला २ किलोवॉटचा गिझर पंधरा-वीस मिनिटं घेतो, म्हणजे साधारण अर्धा युनिट. टाकीला उष्णतारोधक आवरण असल्याने पाणी बराच वेळ गरम राहतं. तो अर्धा युनिट कधी घ्यायचा हे कंपनीने ठरवलं, तरी घरात कुणाला पत्ताही लागणार नाही. एसीचं तसं नाही. खोलीत तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर दोन अंशांचा फरकही सोसवत नाही, आणि बाहेरून आज्ञा सोडणाऱ्या संगणकाला ते बाळ दिसत नाही. शिवाय करारावर सही करणारा अनेकदा दिवसभर बाहेर असतो. झळ बसते घरात असलेल्याला, आणि आज्ञा नाकारायचं अ‍ॅप असतं सही करणाऱ्याच्या फोनमध्ये!

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये, ऐन उकाड्यात, सुमारे २२ हजार ग्राहकांचे थर्मोस्टॅट, म्हणजे घरातलं तापमान ठरवणारी उपकरणं, काही तास अडकवून ठेवले गेले. हे लोक सवलत घेऊन राजीखुशीने योजनेत आले होते. एरवी त्यांना तापमान पुन्हा बदलता येत असे. त्या दिवशी आणीबाणीचं कारण देऊन ती सोयच बंद केली गेली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ब्रिटनने वेगळी रीत धरली. आधी निरोप द्यायचा, ठरलेल्या वेळेत वापर कमी केला तर मोबदला, नाही केला तर दंड नाही. तिथे सुमारे १६ लाख घरं आणि व्यवसाय सहभागी झाले.

नकाराची मुभा दिली तर सगळेच नकार देतील, ही भीती मला अनाठायी वाटते. रात्रभर चार्जरला लावलेली गाडी दोन तास उशिरा चार्ज झाली तर कोण कशाला हरकत घेईल? उलट ज्याचा एसी एकदा अडवला गेला, तो योजनाच सोडेल, आणि मग त्याचा गिझरही गेला नि गाडीही.

म्हणून नियामक आयोगांनी अशा योजनांना मंजुरी देताना काही अटी घालाव्यात. निरोप घरातल्या सर्व प्रौढांना मिळावा. कोणतं यंत्र योजनेत द्यायचं आणि कोणतं नाही, हे घराने ठरवावं आणि केव्हाही बदलावं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, बाहेरची आज्ञा रद्द करणारं बटण खुद्द यंत्रावर असावं, इंटरनेट बंद असतानाही चालणारं. ते दाबलं तर त्या दिवसाची सवलत कापावी. त्याउपर दंड नको.

– एक वीजग्राहक