चाचणी आवृत्तीवरील अभिप्रायाबाबत सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, आपल्या गेमच्या पुढील अपडेटची चाचणी आवृत्ती शुक्रवारी खुली होत असून, गटाचा एकत्रित अभिप्राय ठरविण्यासाठी रविवारी रात्री 8 वाजता व्हॉइस चॅनेलवर बैठक होईल. चाचणीत खेळलेल्या प्रत्येकाने उपस्थित राहावे.

1. बग (गेममधील तांत्रिक चूक) कळविताना आवृत्ती क्रमांक, उपकरण आणि कोणत्या कृतींनंतर तो दिसला हे क्रमाने लिहावे; निर्मात्यांना तो स्वतःकडे पुन्हा घडवून पाहता आला नाही, तर दुरुस्ती फार अवघड होते.
2. गैरफायदा घेता येईल असा दोष गटात न लिहिता थेट निर्मात्यांना कळवावा.
3. "हे पात्र कमकुवत आहे" एवढेच पुरेसे नाही. कोणत्या सामन्यात, कोणासमोर आणि कशामुळे अडचण आली, हे सांगणे उपाय सुचविण्यापेक्षाही मोलाचे आहे, असे आमचे ठाम मत आहे.
4. अपशब्द असलेला मजकूर निर्मात्यांकडे पाठविला जाणार नाही.

खेळाडूंचे म्हणणे निर्मात्यांपर्यंत पोहोचू शकते: 'ईव्ह ऑनलाइन' या गेममध्ये 2008 पासून खेळाडूंनी निवडलेली परिषद निर्मात्यांशी चर्चा करते, तर 'ओल्ड स्कूल रुनस्केप' या गेममध्ये अनेक नवे बदल खेळाडूंच्या मतदानाला ठेवले जातात.

लेखी मुद्दे शनिवारी रात्रीपर्यंत समन्वयकांकडे द्यावेत.