पत्रिकेतलं 'लग्न' आणि 'विवाह'

दादर, मुंबई

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार. लग्नपत्रिकेचा मसुदा पाहिला. वर 'शुभविवाह' घातलास ते बरोबर. खाली मात्र 'विवाह मुहूर्त' खोडून 'लग्नमुहूर्त' कर. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, पण लग्न ही मुळात वेळ. त्या घटकेला पूर्व क्षितिजाला लागलेली रास म्हणजे लग्न. एकेक रास साधारण दोन तास असते. त्यातला गुरुजींनी काढलेला क्षण आला की अंतरपाट दूर.

म्हणून मसुद्यातली १२.३५ ही मुहूर्ताची वेळ कुठल्या गावासाठी काढलीय ते आधी विचार. नागपूरचं गणित असेल तर मुंबईत तेच लग्न सुमारे २५ मिनिटं उशिरा लागतं, रेखांशामुळे. मुहूर्त राशीच्या काठावर असला तर एवढ्यानेही रास चुकते. मुंबईचं गणित करून घे, मगच छापायला टाक. आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्या-मावश्या मोजक्याच ठेव! शेवटचं 'तदेव लग्नं' वेळेवर यायला हवं.

अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं. विवाह अजून व्हायचाय. पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी पुढेच असतात. लाजाहोमाला साळीच्या लाह्या लागतात, त्या वधूच्या ओंजळीत घालायला तिचा भाऊ जागेवर हवा (कानपिळीसाठी तो येतोच म्हणा). सप्तपदीला तांदळाच्या सात राशी, पाऊल उजवं. इथल्या हॉलांत नेमकं हेच उरकलं जातं. पंगत बसलेली असते, फोटोवाले स्टेजवर बोलावतात, हॉल रिकामा करायची घाई असते. काही एसी हॉल तर होम पेटवूच देत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी विचार. अक्षतांनंतर तासभर तरी विधींसाठी राखून ठेव.

हे नुसतं सोवळं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, जिथे विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे सप्तपदीचे फोटो आवर्जून काढून घे.

नोंदणी ९० दिवसांत करा. तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते. पत्रिकाही जोडतात, म्हणून दोघांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच छाप. घरातलं लाडकं नाव कंसात चालेल.

तुझा,
सुधीर