‘मी कोण?’ हा प्रश्न सोडू न देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

आपण दक्षिणा घेत नाही, शाल-श्रीफळाला हात लावत नाही आणि कोणी आभाराची भाषा सुरू केली की पुढची ओवी वाचायला सांगता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे आणि आपल्या इच्छेला मान देऊन त्यात आपले नाव घालत नाही.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ‘साहेब’ ही हाक थांबली, आणि आजवर ज्याला मी ‘मी’ म्हणत होतो तो बहुतांशी त्या हाकेवरच उभा होता, हे ध्यानात आले. बँकेच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन अडू लागले. आप्तेष्टांनी फिरायला जा, एखादा छंद लावून घ्या, असे आपुलकीने सुचवले. आपण मात्र एवढेच म्हणालात, “प्रश्न योग्य आहे. तो सोडू नका.” आणि समर्थ रामदासांच्या दासबोधाच्या साप्ताहिक वाचनाला येऊन बसायला सांगितलेत.

दासबोधाच्या सतराव्या दशकातील (दहा समासांच्या भागातील) तत्त्वनिरूपणाचा समास, म्हणजे प्रकरण, आपण ज्या रीतीने शिकवलात, त्याचे ऋण सर्वांत मोठे आहे. एरवी तो भाग भराभर वाचून संपवला जातो. आपण प्रत्येकाला वहीत पाच पंचके, म्हणजे पाच-पाच तत्त्वांचे गट, मांडायला लावलीत: अंतःकरण, प्राण, ज्ञानेंद्रिये, कर्मेंद्रिये आणि विषय (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध), अशी एकूण 25 तत्त्वे. मग एकेका तत्त्वावर बोट ठेवून आपण विचारत असा, “हे तुम्हाला कळते ना? मग कळणारे ते आणि जाणणारे तुम्ही, हे दोन्ही एकच कसे?” डोळा अधू झाला हे मला कळते, मन संकल्प-विकल्पात गुंतले हेही कळते, बुद्धीचा निश्चय डळमळला तर तेसुद्धा माझ्यापासून लपत नाही, तेव्हा यांपैकी कशालाही ‘मी’ म्हणता येत नाही, हे ऐकून मान्य करणे सोपे होते, परंतु स्वतःच्या वहीत एकेका ओळीवर थांबून पाहताना माझा अधिकार, माझी हुशारी, माझा अपमान यांची मुळे कोणकोणत्या पंचकांत आहेत ते दिसू लागले.

एका साधकाने आनंदाने “मी साक्षी आहे”, म्हणजे हे सारे केवळ पाहणारा आहे, असे म्हटले, तेव्हा आपण शांतपणे त्याला पहिले पंचक पुन्हा वाचायला लावलेत. अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त आणि शेवटी अहंकार. “साक्षी आहे असे सांगायला जो पुढे आला, तो या यादीत आहे का, ते पाहा,” असे आपण म्हणालात. आत्मज्ञानाच्या नावाखाली नवी पदवी मिरवण्याचा मोह माझ्यासारख्या पदांवर पोसलेल्या माणसाला फार असतो. त्या एका वाक्याने तो वेळीच ओळखता आला. नवविधा भक्तीतील नववी भक्ती आत्मनिवेदन असूनही तिच्यासाठी समर्थ तत्त्वांचे विवरण का करायला सांगतात, हेही मला तेव्हाच उमगले. जो ‘मी’ देवाला वाहायचा, तो आहे तरी कोण हे आधी पाहावे लागते.

आणखी एका गोष्टीबद्दल कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्या काळात मी वाचन चुकू नये म्हणून धडपडत होतो. आपण बाराव्या दशकाच्या आरंभीचे ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ हे शब्द आठवून दिलेत आणि ती हिंडू-फिरू लागेपर्यंत येऊ नका, असे बजावलेत. तिच्या औषधांच्या वेळा सांभाळताना, रात्री तिला आधार देऊन उठवताना चिडचिड कशी वर येते आणि विरते, हे मला जवळून पाहता आले. तो अभ्यास आपणच घरी पाठवला, असे मी मानतो.

अहंकार अजून उठतो, पण तो उठला की आता ओळखू येतो. येत्या दासनवमीनंतर पहिल्या दशकापासून पुन्हा वाचन सुरू होईल, तेव्हा मी वही घेऊन येईन. विषयपंचकासंबंधी दोन शंका लिहून ठेवल्या आहेत. त्यांसाठी वाचनानंतर थोडा वेळ द्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
मागच्या रांगेतील एक विद्यार्थी